चिंचोका, गेरू आणि कुंचला

फेब्रुवारी १९३८. गुजरातेत बारडोलीजवळ, तापीच्या काठी हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. भाषणं ऐकायला आलेल्या शेतकऱ्यांना आधी चित्रं दिसली. प्रवेशद्वारांवर, मंडपांवर, येण्याजाण्याच्या वाटांवर ती लावलेली होती. ढोल बडवणारा ढोल्या, जोडे शिवणारा चांभार, रंधा मारणारा सुतार, उधळलेला बैल आवरणारा गडी, कांडण करणाऱ्या बाया. बहुतेक चित्रं दोनेक फुटांची, एका कमानीत एकच विषय, जाड काळी रेषा आणि आत सपाट भरलेला रंग. बघणाऱ्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. चित्रातली माणसं त्याच्याच आळीतली होती.

ही चित्रं शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढली होती. नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रं रंगवली, विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती काढल्या आणि एकूण आकडा चारशेच्या घरात गेला. साहित्य साधंच होतं: हातकागद, मातीचे रंग आणि रंग धरून ठेवायला डिंकासारखं बंधक. तैलरंगाची ट्यूब नाही, कॅनव्हास नाही, इंग्लंडहून मागवलेला जाड कागद तर नाहीच.

गांधीजींचा आग्रह होता म्हणून देशी साहित्य वापरलं, इतकंच सांगून या प्रसंगाची बोळवण होते. पण चित्रं नीट पाहिली, तर वेगळंच काहीतरी ध्यानात येतं. मातीचा रंग झरझर वाळतो. तैलरंगासारखा तो तासन् तास ओला राहत नाही, त्यामुळे गालावरचा उजेड हळूहळू सावलीत विरघळवत बसायची सोयच नाही. रंग सपाट लावायचा, तो वाळला की वरून ठाम रेषा ओढायची आणि पुढच्या कागदाकडे वळायचं. हरिपुऱ्याच्या चित्रांना जो वेग आहे, जो मोकळेपणा आहे, त्यातला मोठा वाटा या साहित्याचा आहे. चित्रकार देशी सामान निवडतो तेव्हा तो फक्त दुकान बदलत नाही, चित्र काढायची रीत बदलतो.

हरिपुऱ्याची तालीम महाराष्ट्रात झाली होती. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि तयारीसाठी साने गुरुजींसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. अधिवेशनाच्या नगरीची सजावट गांधीजींनी नंदलालांकडे सोपवली. आपण चित्रकार, मंडप उभारणं हे आपलं काम नव्हे, असा संकोच त्यांना वाटला होता. तरी ते आले, आणि जे आजूबाजूला मिळतं त्यातूनच सगळं उभं केलं: बांबू, चटया, गवत. महागडा माल आणायचा नाही, ही अटच होती.

हा मुलूख नंदलालांना नवा नव्हता. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला जे तरुण बंगाली चित्रकार आले होते, त्यांत ते होते. जळगावच्या एका अंगाला अजिंठा, दुसऱ्या अंगाला फैजपूर. देशी रंगांचा सर्वांत मोठा धडा त्यांनी या मुलखातल्या भिंतींसमोर उभं राहून गिरवला होता.

अजिंठ्याच्या चित्रकारांचं सामान तपासलं, तर ते जवळपास सगळं डोंगरातलंच आहे. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा काळा. खालचा गिलावा मातीचा, त्यात भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू. एकच रंग दूरचा होता, तो म्हणजे निळा. वाकाटक काळातल्या लेण्यांमध्ये वापरलेला लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला. म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रकारानेही जे हाताशी होतं ते हाताशी घेतलं आणि जे नव्हतं ते बाहेरून मागवलं. ‘सगळं देशीच’ असा हट्ट अजिंठ्याच्या कारागिराने धरलेला दिसत नाही. पण त्याच्या चित्राचा पाया गावच्या मातीचा होता, आणि निळा तिथे दागिन्यासारखा येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गणित उलटलं होतं. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग घरात घोटायची गरज संपली. कोलकात्याची कलाशाळा १८५४ ची, मुंबईची जे. जे. १८५७ ची. या शाळांमध्ये शिक्षण विलायती पद्धतीचं होतं, तसंच सामानही. रंगकाम शिकणं म्हणजे लंडनच्या कंपन्यांची रंगपेटी हाताळणं, असं समीकरण झालं.

त्या पेटीतला एक रंग मात्र इथूनच गेलेला असायचा. पिउरी, म्हणजे इंग्रजांचा ‘इंडियन यलो’. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी त्याची हकिगत लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला लिहून कळवली. बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापूर नावाच्या गावी काही गवळी गाईंना आंब्याची पानं खाऊ घालत, त्यांचं मूत्र मातीच्या भांड्यात आटवत आणि जो पिवळा गाळ उरे त्याचे गोळे करून विकत. ते गोळे कोलकात्यामार्गे विलायतेत जात, तिथे शुद्ध होऊन वड्या आणि ट्यूबच्या रूपात जगभर विकले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी हा धंदा बंद पडला. मुखर्जींचं पत्र छापून आलं त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, याच मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरला नंदलाल बोस जन्मले होते.

नंदलालांनी देशी साहित्य सार्वजनिक कामासाठी वापरलं. जामिनी रॉय यांनी ते आयुष्यभरासाठी पत्करलं. १८८७ साली बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोडला जन्मलेले जामिनीबाबू कोलकात्याच्या कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचं तैलचित्रण शिकले. त्यात तरबेज झाले आणि श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढून पोट भरू लागले. १९२० च्या दशकात त्यांनी हे सगळं बाजूला सारलं. बंगालचे पटुआ म्हणजे लोकचित्रकार आणि कालीघाटचे पट यांच्याकडे वळले आणि तैलरंगही सोडले.

त्यांची रंगपेटी सातेक रंगांची होती. दगडाची पूड, नदीकाठची माती, हिंगूळ, नीळ, खडू असे त्यातले बहुतेक घटक बाजारात किंवा वाटेवर मिळणारे, आणि रेषेसाठी काजळी. रंग धरून ठेवायला चिंचोक्याची खळ. कॅनव्हासऐवजी हातमागाचं कापड, चटई, चुना फासलेली फळी. चित्रं स्वस्तात विकली जावीत, मध्यमवर्गीयांच्या भिंतीवर लागावीत, ही त्यांची इच्छा. म्हणून एकच चित्र ते पुन्हा पुन्हा काढत आणि मुलांना हाताशी घेऊन घराचीच कार्यशाळा करत. महाग रंगात हे परवडलंच नसतं. ट्यूबमधला कॅडमियम लाल मोजूनमापून लावणारा माणूस एक चित्र पन्नासदा काढत नाही. नियतीचा खेळ असा की, १९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा कायद्याखाली जामिनी रॉय यांची चित्रं पुढे राष्ट्रीय ठेवा ठरली, आणि आज ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

चिंचोक्याची खळ बंगालपुरती नाही. ओडिशात पुरीजवळच्या रघुराजपूरचे पटचित्रकार कापडाला हीच खळ खडूच्या पुडीबरोबर लावतात. सावंतवाडीच्या गंजिफावाल्या चितारींकडेही चिंचोका होता. पत्त्यांना चिंचोक्याचा लेप, वर रंगकाम आणि शेवटी लाखेची झिलई. ती कला विझत चालली होती तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती तगवली.

खळ करायची रीत सोपी वाटते, पण तिचे नखरे आहेत. चिंचोके आधी भाजायचे, म्हणजे तपकिरी टरफल तडकतं. ते कुटून, पाखडून काढायचं. आतले पांढरे डाळे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी पाट्यावर गंधासारखे वाटायचे आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. ढवळणं थांबवलं की तळाला धरलंच. हळूहळू पाणी दाटतं, चकाकी येते, तेव्हा फडक्यातून गाळून घ्यायचं. ही खळ दोन दिवसांत आंबते, उन्हाळ्यात एका दिवसात. जुने बुकबाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे बुरशी येत नाही आणि कसरही लागत नाही. मोरचूद विषारी, त्यामुळे ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही.

गेरूचंही तसंच. वाण्याकडचा गेरू कुटून थेट डिंकात कालवला, तर कुंचल्याखाली खर लागते. तो आधी पाण्यात घोळायचा, जड कण तळाशी बसले की वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ते निवळेपर्यंत थांबायचं. तळाशी जो साय धरल्यासारखा थर बसतो, तो वाळवला की खरा रंग मिळतो. मग काचेवर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात तो घोटायचा, ओलावा टिकावा म्हणून थोडा मध. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर कागदावर चकाकतो आणि तडकतो. हे प्रमाण पुस्तकातून कळत नाही, कारण प्रत्येक ठिकाणची माती डिंक वेगवेगळा पिते.

कोकण-गोव्यात या तांबड्या मातीने भिंतीच चितारल्या आहेत. ‘कावी’ ही पद्धत सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारकडच्या देवळांत आढळते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने, कंपासाने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. चुना शिंपल्या भाजून केलेला, त्यात गूळ मुरवून कुटलेला. अवजार दोन, रंग दोन. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात टिकेल असं दुसरं साहित्य तिथे सहज मिळालंही नसतं.

आता पालघर जिल्ह्यातला वारली चित्रकार. कुडाची भिंत, तिच्यावर शेण-मातीचं किंवा गेरूचं सारवण, तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक चावून केलेली बांबूची काडी. हे साहित्य लग्नाच्या चौकापुरतं होतं, टिकावं अशी अपेक्षाच नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या पाड्यांवर गेले आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारखा चित्रकार जगापुढे आला. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आलं, तसं साहित्यही हललं. तांदळाचं पीठ घडी घातली की झडतं, किडे खातात. त्यामुळे आज बहुतेक वारली चित्रकार पांढऱ्यासाठी पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग घेतात आणि शेण किंवा गेरूच्या घोळात फेव्हिकॉल मिसळतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे कळलं की तो खट्टू होतो. त्याला ‘नैसर्गिक’ हवं असतं. पण तेच चित्र दोन वर्षांत झडलं तर तक्रार घेऊन येणाराही तोच असतो. आणि त्या ॲक्रिलिकची बाटली मुंबई-गुजरातच्या कारखान्यात भरलेली असते. ते गावचं नसेल, देशाचं तर आहेच.

कारखान्यात बनलेल्या देशी रंगांची गोष्ट मराठी घराला जवळची आहे. १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई आली, आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या दोन शब्दांच्या जोडीतून कॅमलिन. शाईकडून ही कंपनी रंगांकडे वळली ती १९६० च्या दशकात. सुभाष दांडेकर ग्लासगोहून रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले होते. परकीय चलनाची चणचण होती, आयातीवर निर्बंध होते, विलायती ट्यूब मिळणं मुश्कील आणि मिळाली तर महाग. अशा वेळी वॉटर कलर, पोस्टर कलर, तैलखडू इथेच तयार होऊ लागले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्या याच बाटल्या पाण्याच्या डब्याशेजारी मांडून बसल्या. २०११ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. मालकी बदलली, कारखाने इथेच राहिले. अशा रंगाला देशी म्हणायचं की नाही, हे विकत घेणाऱ्याने ठरवायचं.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचला, तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. या जातीच्या रंगद्रव्यांच्या मोठ्या उत्पादकांत भारत आहे. वापी-अंकलेश्वरच्या पट्ट्यात त्याचे कारखाने आहेत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सुदर्शन केमिकलचे कारखाने रोह्याला आणि महाडला आहेत, आणि तिची रंगद्रव्यं परदेशात जातात. म्हणजे दुकानात कौतुकाने उघडलेल्या युरोपी ट्यूबमधला निळाही कदाचित आपल्याच किनारपट्टीवरून बोटीत चढलेला असेल. पिउरीचा जुना प्रवास नव्या रूपात चालू आहे.

मग फरक कुठे पडतो? तो पडतो घोटण्यात, भरण्यात आणि प्रामाणिकपणे छापण्यात. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि खडूसारखी भर जास्त असते, मग कंपनी देशी असो वा परदेशी. काही गुलाबी-जांभळ्या छटा उन्हात उडतात. जाणते चित्रकार नवा रंग घेतला की कागदाच्या पट्टीवर लावतात, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकतात आणि ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटवून ठेवतात. काही महिन्यांनी झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून पाहिलं की लेबलापेक्षा जास्त कळतं. या परीक्षेत गेरू, पिवळी माती आणि काजळी सहज उत्तीर्ण होतात. हळद आणि पळसाच्या फुलांचा रंग बघता बघता फिका पडतो. नैसर्गिक आणि टिकाऊ ही दोन वेगळी खाती आहेत.

तसंच देशी आणि निर्दोष हीसुद्धा. हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल. जुने चितारी ते हाताने घोटत. आणि कुंचल्याचा मामला तर उघड गुन्ह्याचा. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचं गाव. भारतीय चित्रकार वर्षानुवर्षं ज्या लवचीक, पाणी धरून ठेवणाऱ्या कुंचल्यांची तारीफ करत आले, त्यातले बरेच मुंगसाच्या केसांचे होते. वन्यजीव कार्यकर्त्यांच्या हिशेबाने किलोभर केसांसाठी पन्नासच्या आसपास मुंगसं मारली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरवला आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने अनेक राज्यांत छापे घातले, महाराष्ट्रातही. तेव्हापासून चांगल्या दुकानांत नायलॉनचे कुंचले पुढे मांडले जातात. पहिल्या पिढीतले नायलॉनचे कुंचले पाणी धरत नसत, रंग एकदम ओघळे. आताचे बरेच सुधारले आहेत, आणि तेही भारतात बनतात.

राहिला कागद. जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद एके काळी दप्तरखान्यांत चाले; दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याने तर नावातच धंदा मिरवला. गिरण्यांच्या स्वस्त कागदापुढे हे सगळं ओसरलं. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. त्या प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली. तिथे लगदा झाडाचा नसतो, होजियरीच्या कारखान्यांतल्या सुती चिंध्यांचा असतो. चिंध्या बारीक करून, लगदा हौदात घोळून, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. सुती चिंध्यांचा कागद लाकडाच्या लगद्यासारखा पटकन पिवळा पडत नाही.

जलरंगासाठी मात्र त्यात एक अडचण असते. खळ कमी पडलेला ताव टिपकागदासारखं पाणी शोषतो, रंग आत जाऊन मेल्यासारखा दिसतो. परदेशी मिलचा कागद या बाबतीत बिनचूक, म्हणून व्यावसायिक जलरंगकार त्याला चिकटून असतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण मिलला कोणी सांगू शकत नाही की पुढच्या वेळी अमुक कर. हातकागदवाल्याला सांगता येतं. पुण्यात किंवा जयपूरजवळच्या सांगानेरला चित्रकार रंग लावलेला तुकडा घेऊन जातो, रंग कुठे फुटला ते दाखवतो, खळ थोडी वाढवा म्हणतो, पोत जरा खरबरीत हवा म्हणतो. कारागीर तो तुकडा उजेडात धरून बघतो, जिभेचं टोक लावून तो किती पाणी पितो ते पाहतो, आणि पुढच्या हौदात काय बदलायचं ते ठरवतो. पहिल्या खेपेला जमतंच असं नाही. दुसऱ्या खेपेला चित्रकार नमुन्याचे चारसहा तावच नेतो, आणि जमलं तर मग गठ्ठ्याची ऑर्डर देतो.